मावशी, तुझ्या नुबियाला त्यांनी इजिप्त करून टाकलं!

प्रिय शमामावशी,

तुला जाऊन अजून वर्षही झालं नाही, आणि तुझ्या भांड्यांवर इजिप्तची पाटी लागली! काल ती वाचल्यापासून माझं डोकं फिरलंय. तुला नाही तर कुणाला सांगू?

इथे मॉन्ट्रियलच्या एका म्युझियममध्ये नाईलकाठच्या प्राचीन भांड्यांचं प्रदर्शन लागलंय. तू जन्मभर अभ्यासलेला, इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाचा तो पेला तिथे आहे. लाल अंग, काळं तोंड, मधे चंदेरी करडा पट्टा. आणि खाली काय लिहिलंय? 'इजिप्शियन शैली'!

रिटायर झाल्यावर ब्रॉसार्डच्या घराच्या बेसमेंटमध्ये तू तसा पेला घडवायला बसायचीस. चिरला की खूश व्हायचीस! "चाक नव्हतं गं त्यांच्याकडे. नुसत्या हातांनी इतकं पातळ! बघ, मला जमतंय का?" नुबियाच्याच नंतरच्या भांड्यांवरचे जिराफ आणि बेडूक दाखवताना तर जेवण विसरायचीस.

पण एक विचारू? पार्टीत कुणी "हमारी इजिप्तवाली मॅडम" म्हणालं, की तू नुसती हसायचीस. का गं? एकदा तरी सुनावायचंस ना!

काल मी सुनावलं. तिथल्या अधिकारी बाई गोड हसून म्हणाल्या, "लोक इजिप्तशी जास्त रिलेट करतात."

"म्हणून नुबिया पुसायचा?" मी ओरडलेच. माझी इरा दंड ओढत होती, "मॉम, प्लीज! एव्हरीवन इज लुकिंग!" गार्ड आला, "मादाम, आवाज कमी."

तेवढ्यात गर्दीतून एक वयस्क बाई पुढे आल्या. हलिमा त्यांचं नाव, सुदानच्या नुबियन. इंग्रजीत शांतपणे म्हणाल्या, "मी लहान असताना नाईलवर धरण झालं. आमचं गाव पाण्याखाली गेलं. आता आमची भांडीही दुसऱ्यांची?"

इराने माझा दंड सोडला आणि हलिमाबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली. अधिकारी बाईंचं हसू मावळलं. "रिव्ह्यू करू," म्हणाल्या.

रिव्ह्यू! खरं नाव लिहायला रिव्ह्यू कसला?

नंतर हलिमाबाई आमच्याबरोबर कॉफीला आल्या. आमचं ठरलंय, मावशी. स्नो पडो की मेट्रो बंद पडो, पाटी बदलेपर्यंत दर शनिवारी आम्ही तिघी त्या काचेपाशी उभ्या राहणार. येईल त्याला सांगणार, हा पेला नुबियाचा आहे. फ्रेंचमध्ये सांगायचं काम इराने मागून घेतलंय.

तुझीच,
मीनल