न सुटलेली बोट

गुरुवार, १५ जाने.

म्हातारीला शिरगावला पोचवून आलो. (सासूबाईंना म्हातारी म्हणायची सोय फक्त या वहीत.) सोबत तिची काठी, लुगडी, औषधांची पिशवी आणि मी केलेले रव्याचे लाडू. मोठ्या जाऊबाईंनी डबा उघडून पाहिला, वास घेतला आणि फडताळात मागे ढकलला. थोरले दीर मासेमारीला बोटीवर गेलेले. ते असते तर निदान चहा तरी मिळाला असता.

जाऊबाईंनी उंबऱ्यातच बजावलं, "मंदा, तुमची बोट लागली की दुसऱ्या दिवशी आईला न्यायची हां. मग मला जमायचं नाय."

सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे, असं सगळ्यांसमोर ठरलं होतं. तीन वर्षं झाली, म्हातारी बोईसरला आमच्याकडेच. हे जिभेवर आलं होतं. गिळलं. बोलले असते तर तिला तिथेच परत रिक्षात बसवली असती.

निघताना म्हातारीने विलासच्या गालावरून हात फिरवला. मला म्हणाली, "माज्या पोराला सांभाळ. तुमा घाटावरच्यांना पानी काय कळतं." लग्नाला सव्वीस वर्षं झाली. बाबा पॉवर प्लँटच्या नोकरीसाठी साताऱ्याहून आले तेव्हा मी पाळण्यात होते. तरी मी घाटावरचीच.

पार्लरच्या, म्हणजे घराच्याच, दारावर कागद चिकटवला : पुढच्या आठवड्यापर्यंत बंद. बॅगा भरल्या : शनिवारी मुंबईहून क्रूझ, गुरुवारी परत. सगळं आयुष्य समुद्राच्या कडेला काढलं, आता एकदा त्याच्या आत जाणार.


शनिवार, १७ जाने.

बोट नाही.

म्हणजे बोट आहे. समोर उभी होती, पांढरीशुभ्र, आमच्या बिल्डिंगच्या दुप्पट उंच. तिच्यासमोर फोटो काढून सकाळीच घरच्या ग्रुपवर टाकला. मग तासन्‌तास खुर्च्यांवर. मग एका पोरीने माईकवर हसत सांगितलं, काल बंदरात येताना बोटीला खालून मार बसलाय, पंख्याजवळ चीर गेलीय, ही फेरी रद्द. आपल्या सुरक्षेसाठी. लोक ओरडले. कंपनीने बिस्किटं वाटली. एक म्हातारा जोडप्यांना थांबवून थांबवून सांगत होता की त्याच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे. मला त्याची दया नाही आली. रागच आला, त्याने मागे अशा किती ट्रिपा केल्या असतील.

टॅक्सीने परत. चिल्हार फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा वि. म्हणाला, "सकाळी जाऊन आईला घेऊन येऊ."

मी म्हटलं, "कशाला? त्यांच्या लेखी आपण बोटीवर आहोत."

मला वाटलं भांडेल. आई म्हटलं की त्याचा गळा भरून येतो, बायकांसमोर तर जास्तच. त्याने चहा संपवला, कप ठेवला आणि विचारलं, "आणि फोन?"

म्हणजे त्याचंही मनात ठरून झालं होतं. फक्त पहिलं वाक्य माझ्या तोंडून हवं होतं.

"पाण्यात रेंज नसते," मी म्हटलं. दोघांनी तिथेच फोन बंद केले.


रविवार, १८ जाने.

स्वतःच्या घरात चोरासारखे. खालच्या मजल्यावर तामोरेबाई. त्यांचं माहेर शिरगाव. इथे शिंकलं तर तिकडे कळतं. म्हणून पडदे ओढलेले. कुकर नाही, शिटी होते. फोडणी नाही, वास जिन्यात जातो. उघड्या पातेल्यात वरणभात. वि. उशीत तोंड खुपसून खोकतो. नळ बारीक सोडून आंघोळ.

आणि तरीही. नऊ वाजेपर्यंत झोपले! "मंदे, पानी. मंदे, पाय. मंदे, हा भात हाय का खळ." काही नाही. जाग आली तर घरात नुसता पंखा. मी पडल्या पडल्या हसले. वि. घाबरला, म्हणाला, "हळू."

दुपारी बोटीसाठी शिवलेला गाऊन घातला. नखं रंगवली. वि.ने बोटीसाठी घेतलेली टोपी घातली. सोफ्यावर बसून पत्ते खेळलो. कित्येक वर्षांनी त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वेड्यांच्या इस्पितळात टाकलं असतं. मजा आली. खरंच आली.


सोमवार, १९ जाने.

म्हातारीची खोली काढली. गादी उभी केली, चादरी भिजवल्या, कोपऱ्यातलं तंबाखूचं डबडं फेकलं. तेलाचा आणि औषधाचा वास भिंतीत मुरलाय, तो फिनेलनेही जाईना. पण खोली मोठी आहे. इतकी मोठी आहे हे मी विसरूनच गेले होते. पार्लर इथे आणता येईल. खुर्ची या भिंतीला, आरसा त्या. हॉलमध्ये बायकांच्या भुवया कोरत बसायला नको. टेप घेऊन मापं घेतली.

वि. दारात उभा राहून बघत होता. आई आल्यावर कुठे झोपेल, असं त्याने विचारलं नाही. म्हणाला, "आरशाला उजेड खिडकीकडून पाहिजे."

देवासमोर बसले आणि मागितलं : ती तिथेच रुळू दे. मरू दे असं नाही मागितलं. रुळू दे.

संध्याकाळी बेल. कुणीतरी गिऱ्हाईक असणार, कागद न वाचता आलेलं. आम्ही दोघं पॅसेजमध्ये उभ्याउभ्या गोठलो, पार जिन्यावरून चपला उतरेपर्यंत.


मंगळवार, २० जाने.

वि.ने मॅचचा स्कोअर बघायला बाथरूममध्ये फोन लावला. बाहेर आला आणि फोन माझ्या हातात दिला.

जाऊबाईंचे मिस्ड कॉल, एकाखाली एक. मग मेसेज. "आई काल संध्याकाळी पडली. खुबा मोडला. पालघरला ॲडमिट हाय. रेंज आली की फोन करा."

पालघर. रिक्षा केली तर उमरोळीवरून अर्धा तास. आमची बोट मात्र अजून गोव्याच्याही पुढे कुठेतरी. ती गुरुवारी लागणार.

वि. रडला. आवाज न करता, कारण तामोरेबाई. मग म्हणाला, "आत्ता गेलो तर काय सांगायचं?"

तो उठला असता, चपला घातल्या असत्या, तर मी गाऊनवर निघाले असते त्याच्यामागे. पण तो उठेना. मी 'जा' म्हणायची वाट बघत बसला. आणि मी तो उठायची. असे किती वेळ बसलो कोण जाणे. मग मी चहा टाकला. दोघांनी घेतला.


बुधवार, २१ जाने.

भांडण, तेही कुजबुजत. तो म्हणाला, तूच म्हणालीस. मी म्हटलं, आई कुणाची? तो म्हणाला, तुला ती मेलेलीच हवी होती. मी म्हटलं, तिचं गू-मूत कोण काढतं, तू? त्याने हात उगारला आणि स्वतःच्याच मांडीवर मारून घेतला. त्याचं हे नेहमीचं आहे. मारायची हिंमत नाही आणि माफी मागायचीही नाही.

शेवटी मेसेज केला : "आत्ताच रेंज आली. उद्या पोचतोय. काळजी घ्या."

जाऊबाईंचं उत्तर : "बरं."

एवढंच. शिव्या नाहीत, कधी येता नाही, कुठे आहात नाही. जी बाई मिठासाठी फोन करून पाच मिनिटं ओरडते, तिचं नुसतं "बरं".

बोटीवरून आलेली माणसं उन्हाने रापतात. आम्ही पडद्यामागे राहून फिकुटलोय. गडद शेडचं फाउंडेशन काढलं, जे कुणीच लावून घेत नाही, बायका माझ्याकडे उजळायला येतात. वि.च्या कपाळाला, नाकाला, मानेला लावून बघितलं. आरशात त्याने स्वतःकडे बघितलं आणि म्हणाला, "कानावर पण लाव."


गुरुवार, २२ जाने.

चाकांच्या बॅगा ओढत गेलो हॉस्पिटलात. तोंडं रंगवून. थोरले दीर बाहेर बाकावर बसले होते. आधी बॅगांकडे बघितलं, मग वि.कडे.

"बोट कशी होती?"

"छान," वि. म्हणाला.

दीर हळू बोलतात, समोरच्याला घाम फुटेपर्यंत. "रविवारी मी भाऊच्या धक्क्याला माल घेऊन गेलतो. तुमची फोटुतली बोट वाटेत बांधलेलीच दिसली. खाली माणसं ठोकाठोक करत व्हती. इचारलं तर म्हनाले, फुटलीय, सुटलीच नाय." मग माझ्याकडे बघून, "गाल पूस. वघळतंय."

मी पदराने पुसलं. पदर तपकिरी झाला. बाकावरचा एक पेशंट बघत होता.

आजवर कधी वाटलं नाही की दर्यावर पोट असलेल्यांना बोटीबद्दल खोटं सांगतोय. टोपी, गाऊन, फाउंडेशन, सगळं सुचलं. हे नाही.

म्हातारी कशी पडली ते जाऊबाईंनी सांगितलं. घरातलं माणूस दर्यावर असलं की ती तिन्हीसांजेला किनाऱ्यावर जाऊन उभी राहते, पाण्याला हळदकुंकू वाहते. सासरे असेपर्यंत रोज जायची. ते गेल्यावर दिरांनी बंद करवलं, पायामुळे. विलास बोटीवर चढला म्हटल्यावर तिने परत सुरू केलं. अडवलं तर काठी उगारली. सोमवारी सुरूच्या झाडांमधून वाळूवर उतरताना पडली.

सोमवारी संध्याकाळी आमची बेल वाजत होती आणि आम्ही पॅसेजमध्ये गोठून उभे होतो. तीच वेळ असणार.

मी विचारलं, "तुम्हांला रविवारीच कळलं होतं ना? मग त्यांना सांगायचं. गेल्या नसत्या."

"तिचा लेक खोटारडा हाय, हे मी सांगू?" जाऊबाई म्हणाल्या. "आमी म्हटलं, बघू किती दिस लपून बसतात. तिला घेऊन तुमच्या दारात यायचं ठरवलं व्हतं मंगळवारी. बेल मारून, तामोरेबाईला संगं घेऊन. मंगळवार उजाडलाच नाय."

म्हणजे त्यांनीही मजाच बघितली. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, तामोरेबाईंसकट.

"शनवारी ऑपरेशन हाय. त्याच्या आदी तू सांग तिला. नायतर मी सांगते."

"मी का? विलास..."

वि. औषधं आणायला खाली गेला होता. कुठलीच औषधं आणायची नव्हती.


शुक्रवार, २३ जाने.

ठरवून गेले होते. चेहरा धुऊन, साधी साडी. आत शिरायचं, सांगायचं, शिव्या खायच्या, मोकळं व्हायचं. तिच्या शिव्या मला पाठ आहेत, त्याची भीती नव्हती.

म्हातारी केवढीशी झालीय. पलंगावर पाय बांधलेला. मला बघून नर्सला म्हणाली, "ही माजी सून. दर्यावरून आलीय." नर्स म्हणाली, अरे वा. सव्वीस वर्षांत तिने माझी ओळख करून दिलेली मला आठवत नाही. करून दिली ती अशी.

"बस. हितं बस." माझं मनगट धरलं. हाताला अजून जोर आहे. "सांग. मधी कसा असतो?"

"काय मधी?"

"दर्या गं. मधी." मग म्हणाली, बायांना बोटीवर चढवत नाहीत. नवरा दर्यावर गेला, लेक गेला, दीर गेले, ही कडेला उभी. मासळी आली की घ्यायची, निवडायची, पाटी उचलायची. जलम कडेला गेला. "तुज्या सासऱ्याला इचारलं, का मधी कसा असतो, तर म्हनायचा पानीच हाय, काय सांगू. कदी नाय सांगितलं मेल्यानं. तू सांग."

तोंड उघडलं होतं मी. खरं सांगायलाच.

"जमीन दिसत नाही," मी म्हटलं. "कुठल्याच बाजूला."

"कुठंच नाय?"

"कुठंच नाही."

"भ्या वाटलं?"

"वाटलं," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

तिने डोळे मिटले. हसत होती. मग मी सांगत गेले. पाण्याचा रंग काळा होतो म्हणून. बोट हलते ती पोटात कळते म्हणून. पहाटे सगळं गुळगुळीत असतं म्हणून. कुठून येत होतं देव जाणे. ती मध्येच "हां" म्हणायची. माझं मनगट सोडत नव्हती. मला तिचा राग येईना. राग येऊ दे म्हणून मी ते तंबाखूचं डबडं, तो भात आणि खळ, सगळं आठवून बघितलं. नाही आला. मग स्वतःचीच किळस आली.

मान वळवली तर दारात जाऊबाई, हातात थर्मास. कधीच्या उभ्या होत्या. वाटलं, आता बोलतील. त्यांनी थर्मास स्टुलावर ठेवला आणि बाहेर गेल्या. मागून गेले तर पॅसेजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभ्या.

"आता मला नाय सांगता येत," म्हणाल्या. "एवढं सांगितल्यावर कसं सांगू? तू लय वाईट बाई हायेस, मंदा."

मी हो म्हटलं.

डॉक्टरांनी वि.ची सही घेतली. वय आहे, हृदय नाजूक आहे, काही सांगता येत नाही, पण न करता ठेवली तर पडूनच जाईल. सकाळी पहिलं तिचंच.

निघताना म्हातारी झोपेत होती. मला वाटलं झोपेत. म्हणाली, "उरलेलं उद्या सांग. आत नेतील त्याच्या आदी ये."

"येते," म्हटलं.

घरी आलो. पडदे उघडले, कुकर लावला, फोडणी दिली. तामोरेबाई वर आल्या, ट्रिप कशी झाली म्हणून, मी दार अर्धंच उघडलं. वि. जेवायला बसला. त्याला सांगितलं, उरलेलं काय सांगू, मला पुढे काही सुचत नाही. सकाळी जाऊन खरं सांगायचं की काय करायचं?

भात कालवत त्याने बराच विचार केला.

म्हणाला, "डॉल्फिन सांग. तिला आवडेल."