मोकळ्या हवेचे घर

मी, देवाजी लहानूजी गजभिये, वय सदुसष्ट, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार पाचपावली, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मनाने व स्वतःच्या हाताने लिहितो. रक्तदाब आणि संधिवात आहे. स्मरण पक्के आहे.

१. हिंगणा रस्त्यावरचे दोन खोल्यांचे घर माझा मुलगा गोविंदा याला मिळावे. त्याने ते विकावे, तिथे राहू नये.

माझी पत्नी कौशल्या हिला दमा, साखर आणि गुडघेदुखी होती. पाचपावलीत आमच्या भिंतीला लागूनच भैयाजींची मिरचीची चक्की. दळण सुरू झाले की ती पदर नाकाला लावून बसे. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. आम्ही बदलली; प्लॉट घेऊन हे घर बांधले. दमा खरोखर कमी झाला. पण आजूबाजूचे प्लॉट रिकामे, बस मैलभर लांब, औषधाचे दुकान त्याहून लांब. गुडघ्यांमुळे ती फाटकाबाहेर पडेना.

२. कौशल्येचे शिवणयंत्र पाचपावलीतल्या जुन्या शेजारीण शामला वासनिक यांना द्यावे. इंजेक्शननंतर साखर उतरली की कौशल्येची जीभ जड होई. शामला ते भिंतीपलीकडून नुसत्या बोलण्यावरून ओळखत आणि गूळ घेऊन धावत येत. "काकू, आधी हे खा वं, मंग बोला."

३. भैयाजींशी मी नऊ वर्षे बोललो नाही. चक्कीविरुद्ध अर्जही केले. आता राग नाही. मात्र माझ्या पोस्टातल्या बचतीतून चक्कीकडची भिंत छतापर्यंत बांधून घ्यावी. गल्लीत दम्याची आणखी माणसे आहेत.

४. २ मार्च १९७८ रोजी तिला सकाळचे इंजेक्शन देऊन मी नव्या बाटल्या आणायला इतवारीला गेलो. परत आलो तेव्हा कौशल्या अंगणात पडलेली होती. दारापासून तिथवर मातीत सरपटल्याच्या खुणा होत्या. तिने हाक मारली असेल, तर ती ऐकायला कोणी नव्हते. पुढच्याच महिन्यात मी परत पाचपावलीच्या या गल्लीत भाड्याची खोली घेतली.

५. प्लॉट आपण सुचवला म्हणून आई गेली, असे गोविंदा मानतो. आदल्या रविवारी ती मला म्हणाली होती, "मले वापस गल्लीत न्या. खोकला आला त येऊ द्या, पण माणसात राहीन."

मी म्हणालो, "होईल सवय तुले."

हे मी त्याला कधी सांगितले नाही. हा दोष माझा आहे. तो वारसाहक्काने कोणाकडेही जात नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून, साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) देवाजी लहानूजी गजभिये

साक्षीदार:
(सही) महादेवराव नगराळे, शेजारी
(सही) इंदूबाई शंभरकर, शिक्षिका

नागपूर, ९ फेब्रुवारी १९७९