दवाची रेघ

७ सप्टेंबर ९८, सोमवार
शनिवारी डेअरीच्या शीतकेंद्रावर दूध वाहून गेलं. नवी टाकी भरली, घंटा वाजली, माझ्या ताईनं पंप बंद केला नाही. तिला ऐकू येत नाही हे तिथं अकरा वर्षं सगळ्यांना माहीत आहे. थोरात सुपरवायझर आज माझ्या कॉम्प्युटर क्लासवर आले.
"मास्तर, मी काय करू? चेअरमन आबा म्हनत्यात, बहिरी बाई घंटेपाशी ठिवली कुनी?"
म्हणालो, घंटा डोळ्यांना दिसेल असं करतो. टाकीतल्या दुधाच्या पातळीचा आकडा तारेनं तिथल्या कॉम्प्युटरात येतोच. दूध काठाला आलं की पडद्यावर चित्र हलवायचं.
"मग लवकर करा. पितृपंधरवड्यात आबा नवा मानूस घेत न्हाईत. घट बसंपर्यंत येळ हाय."
दोन आठवडे. बोलून तर गेलो. येतं का मला?

८, मंगळ.
जुना कॉम्प्रेसर आतच होता. त्या धडधडीत सगळेच बहिरे. मग सगळे ताईच्या खुणांनी बोलायचे, टेम्पोवालेसुद्धा. एकमेकांना शिव्याही तिच्याच खुणांनी. ती मुकी नाही अशी तेवढी एकच जागा.
नवा कॉम्प्रेसर मागच्या शेडमध्ये. आत शांतता. लोक तोंडानं बोलू लागले.
तिथूनही काढली तर तिला उरेल भिंगारची ही आमची खोली, आणि मी.

१०, गुरु.
टाकीचा आकडा वाचणारा प्रोग्रामचा तुकडा, कंट्रोल, तयार. त्यानं द्यायचा इशारा, म्हणजे इव्हेंट, माझा स्वतःचा, नाव 'भरली'. दूध खुणेला आलं की कंट्रोलनं 'भरली' म्हणायचं, ते ऐकून फॉर्मनं, पडद्यावरच्या चौकटीनं, चित्र हलवायचं. कागदावर सोपं.
चालवलं. 'भरली' येतं. चित्र थिजलेलं. सगळं आटोपल्यावर एकदम शेवटचं चित्र. तोवर खरं दूध फरशीवर गेलं असतं.
आठ वेळा. तेच.

१२, शनि.
सापडलं. 'भरली' आलं की त्याच दमात मी चित्राच्या वीसही पायऱ्या चढत होतो. पडद्याला रंगायला उसंतच नाही. आता 'भरली'नं फक्त टायमर सुरू करायचा आणि बाजूला व्हायचं. टायमर एकेक पायरी चढतो.
हललं. घंटा डावीकडे, घंटा उजवीकडे.
हो, मी घंटा काढली होती.
ताईला आणून दाखवली. ती बघत राहिली. मग हात जोडले आणि भुवया उंचावल्या: देऊळ? आणि पोट धरून हसली.
मराठी घेऊन एम.ए. झालो. बहिऱ्या बहिणीसाठी घंटा काढली.

१३, रवि.
विचारलं, जुनी टाकी भरलेली तुला कशी कळायची?
तिनं हॉटेलातून बर्फ आणला. स्टीलच्या पेल्यात पाणी, त्यात बर्फ. थांबली. पेला बाहेरून घामेजला, पाण्याच्या उंचीपर्यंतच. त्या दवाच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं.
जुनी टाकी एकपदरी पत्र्याची. दूध चढेल तशी बाहेर दवाची रेघ चढायची. अकरा वर्षं ती रेघ बघत होती. नवी टाकी दुपदरी, बाहेरून कोरडी ठाक.
थोरातांना माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नाही. मीही.

१६, बुध.
घंटा पुसली. आता राखाडी पत्रा, त्यावर थेंब. दुसरा इव्हेंट: 'चढली'. प्रत्येक 'चढली'ला थेंबांची एक ओळ वर. दुपारी दोनदा अडकलं, मशीन बंद करून परत.
थोरातांचा फोन. "आबा शनवारी येत्यात. मी काय बोलत न्हाई, पन जमलं न्हाई तर घटाला दुसरा मानूस येनार, बगा."
परत मशीनवर बसलो. टाइप होत नाही नीट. उद्या

१९, शनि.
सकाळचं दूध. आबा, थोरात, मी. ताई पडद्यासमोर.
रेघ चढू लागली. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि रेघेबरोबर वर नेत राहिली. थेंब काठाला. तिनं पंप बंद केला, बोट पदराला पुसलं. बोट कोरडंच होतं.
थोरातांनी लांबून मूठ उघडून वर केली. जुनी खूण: झ्याक. ताईनं परत केली.
आबा पडद्याकडेच बघत होते.
"मास्तर, भरली म्हनून चित्राला निरोप जातो, व्हय ना?"
"हो."
"मग त्योच निरोप पंपाला का न्हाई जायचा? बाईला कशाला ताटकळत ठिवायचं?"
थोरात फरशीकडे बघू लागले.
जाऊ शकतो निरोप. पंपाला एक रिले, म्हणजे आपोआप बंद करणारा खटका, आणि कोडच्या दोन ओळी. चित्र हलवण्यापेक्षा सोपं. मग पडद्यासमोर कुणी लागणारच नाही.
"बघावं लागेल," मी म्हणालो.
"बगा की. सोमवारी घट बसत्यात, तवा सांगा."
बाहेर आल्यावर ताईनं विचारलं, आबा काय म्हणाले? मी खूण केली: चित्र आवडलं. ती माझ्या हातांकडे नाही, तोंडाकडे बघत होती.
त्या दोन ओळी मनात लिहून झाल्यात. मला येत नाही, असं सांगता येईल. मग आबा दुसऱ्या कुणाला विचारतील.