नाव कापल्यानंतरचे अकरा दिवस

बाबा, उद्या रविवारी आपल्या प्रार्थनामंदिरात तुमचे नाव पहिल्यांदाच वाचले जाणार आहे आणि मला त्याची भीती वाटते. हे आधी सांगितल्याशिवाय पुढचे नीट मांडता येणार नाही.

इथे कर्जतला भाताची कापणी उरकली की एका रविवारी, पलटणीत जाऊन परत न आलेल्या आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या शिपायांची नावे पाळकसाहेब वाचतात. नाव घेतले की त्या घरचे माणूस उभे राहते. ज्याच्या घरी कोणी उरले नाही त्याच्यासाठी सगळी मंडळी उभी राहते. आई वीस वर्षे त्या दिवशी मागच्या बाकावर बसून राहिली. यादी लढाईत पडलेल्यांची होती आणि तुमच्याबद्दल पलटणीकडून 'पटकीने मृत्यू' एवढेच कळले होते. नावे संपली की ती माझा हात दाबायची आणि म्हणायची, "चल गं, भात टाकायचाय." आता तिच्या छातीत पाणी झाले आहे. मी दवाखान्यात औषधे तयार करते, मुंबईला दोन वर्षे शिकून त्याची परीक्षा दिली आहे. तिच्या पायांवर बोट दाबले की खळगा किती वेळ राहतो ते मी रोज पाहते. पुढच्या कापणीचा रविवार तिला मिळणार नाही. यंदा नवे पाळकसाहेब आले तेव्हा तिने पदर सावरून त्यांना विचारले, "रोगानं गेला त्यो शिपाई नव्हं का?" ते म्हणाले, "शिपाईच, बाई." तेव्हापासून तिचे धुतलेले लुगडे उशाशी घडी करून ठेवले आहे. उद्या तिला डोलीतून न्यायचे आहे.

तुम्ही रजेवर घरी यायचात ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. खालापूरच्या आपल्या गावात, घाटाच्या पायथ्याशी, तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसला आहात आणि पेज ढवळता आहात. आई म्हणते, "सरकारनं बंदूक सोडून पळी दिली वाटतं." तुम्ही हसत नाही, पण पळी जोरात फिरवता. मी बाहेरून पळत येऊन सांगते की ओढ्यावर खूप मोठा साप आहे. तुम्ही विचारता, "खूप म्हंजे किती?" मी हात पसरते. "हात पसरून नाय. मोजून सांग, नायतर सांगू नको." मी रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही सामानातून पितळी बिजागरीची घडीची लाकडी मोजपट्टी काढून मला दिलीत. त्या वयात मला बाहुली हवी होती. पण तिने मी दार मोजले, गाय मोजली, आईची वेणी मोजली, आणि पुढे जे झाले त्याची सुरुवात तिथेच आहे. दवाखान्यातले लोक म्हणतात, बाईंच्या हातून थेंब चुकत नाही. लोक मला कोरडी म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा काकांनी गावच्या वेशीवर, जुन्या वीरांच्या ओळीत, तुमचाही दगड बसवला. तुम्ही बाटलात म्हणून त्यांनी आपल्या हातचे पाणी घेतले नव्हते, पण दगड त्यांनीच घडवून घेतला. त्यावर घोड्यावर बसलेला तलवारवाला कोरला आहे. मी थोडी मोठी झाल्यावर त्यांना विचारले, "काका, बाबा तर पायदळात होते. घोडा कुठून आला?" काका म्हणाले, "वीर म्हंजे घोडा पायजेच गं. पायी चालनाऱ्याला कोन नारळ फोडतंय?" मग म्हणाले, "बाटला तरी भाऊच हाय माजा." मी मोजपट्टी काढून दगड मोजला आणि घोड्याचे पाय आखूड आहेत असे त्यांना सांगितले. आज ते मी बोलले नसते.

दोन आठवड्यांपूर्वी दहिवलीकडच्या रेल्वेफाटकाचा म्हातारा पायाची जखम दाखवायला दवाखान्यात आला. मी पट्टी बांधत होते. माझे गाव ऐकून त्याने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिले. "तू त्याची पोर? नाकच सांगतंय की." तो तुमच्या कंपनीत नाईक होता. मी विचारले, शेवटी काय झाले. तो सहज बोलत गेला, त्याला वाटले आम्हाला सगळे माहीत असेल. "त्याचं नाव कापलं हुतं. मुदत भरली हुती. सुटकेचा कागद खिशात, घरला जायला मोकळा. उंटांचा तांडा माघारी निघाला व्हता, त्यात जागाबी दिली व्हती त्याला." मग तो गेला का नाही? "आमचा पानी वाहनारा पखालवाला पटकीनं पडला. त्याला कोन शिवंना. मंग आनिक चौघं पडले. ह्यो तंबूत गेला पानी पाजायला. मी वरडलो, आरं, तुजं नाव कापलंय, जा की गपचिप! तर म्हनतो कसा, म्हनूनच थांबतो, आता मला कुनाचा हुकूम नाय." किती दिवस, मी विचारले. "अकरा." किती वाचले? "पखालवाला वाचला. आनिक दोघं." मी पट्टीची गाठ मारली. ती सैल बसली, पुन्हा बांधावी लागली.

पाळकसाहेबांनी मला तुमची हकीकत लिहून मागितली होती. मी सगळी लिहिली, सुटकेच्या कागदासकट, कारण अर्धे लिहिण्याची मला सवय नाही. आज सकाळी त्यांनी बोलावले. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "बाई, हुकमाने मेलेल्यांना आपण मान देतो, तो दिलाच पाहिजे. पण हा माणूस स्वतंत्र होता. ज्याला निघून जाता येते आणि जो थांबतो, त्याचेच देणे खरे देणे. ख्रिस्ताचाही प्राण कोणी हिरावला नाही, त्याने तो आपण होऊन दिला. उद्या मी नुसते नाव वाचणार नाही, ही सगळी गोष्ट सांगणार." मी म्हणाले, "माझी आई समोर असेल." ते म्हणाले, "तिला केवढा अभिमान वाटेल!"

बाबा, ते जे बोलले ते मला पटते. त्यात मला एकही चूक काढता येत नाही. पण ख्रिस्त क्रुसावर होता तेव्हा त्याची आई खाली उभी होती. त्या आईबद्दल कोणी फार बोलत नाही. तुम्ही जे दिलेत ते एकट्या तुमचे नव्हते. त्यात आईची वीस वर्षे होती. तुमच्यामागे तिने माहेर सोडले, देव सोडले, कुंकू पुसले, आणि तुम्हाला मोकळीक मिळाली त्या दिवशी तुमच्यापुढे दोन वाटा होत्या, एक पखालवाल्याकडे आणि एक आमच्याकडे. पटकीने माणूस नेला असता तर तिने सोसले असते, सोसलेच. पण तुम्हाला येता येत होते हे तिला कसे सांगू? गुडघे टेकून दोन आठवडे हेच विचारते आहे. 

हे मी पाळकसाहेबांना एवढ्या शब्दांत सांगितले नाही. इतकेच म्हणाले, "तिला हे ठाऊक नाही." त्यांनी माझा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मग तूच सांग, आणि आजच सांग. सांगता येत नसेल तर मला तसे कळव. मी नुसते नाव वाचीन. पण लक्षात ठेव, त्याचे निम्मे झाकले जाईल."

आज दुपारी मी तिला मापाने औषध दिले आणि जवळ बसले. तिने विचारले, "त्यो फाटकवाला काय बोलला गं तुला? दोन आठवडे झाले, तू जेवत नायस." मी तोंड उघडले. सुटकेचा कागद म्हणाले. नाव कापले होते म्हणाले. तिने माझे मनगट धरले. तिच्या बोटांना आता जोर नाही, तरी दुखले. "मंग? मंग का नाय आला त्यो?"

मी म्हणाले, "निघाले होते आई. तांड्याबरोबर निघाले होते. वाटेत पटकीने गाठले."

ती वर आढ्याकडे पाहत राहिली. मग हसली, दात नसलेले हसू. "येत व्हता म्हन," ती म्हणाली. "मेला, कदी येळंवर आला नाय." आणि तिने पेज मागितली, चार दिवसांत पहिल्यांदा, आणि अर्धी वाटी प्यायली.

पाळकसाहेबांना चिठ्ठी पाठवली आहे, की फक्त नाव वाचावे. तुमचे ते अकरा दिवस आणि वाचलेली ती तीन माणसे उद्या कोणी ऐकणार नाही. ती मी झाकली. तुमचा सगळ्यात मोठा मान मी काढून घेतला आणि त्याच्या जागी एक खोटे ठेवले, आणि हे पत्र पाठवायला ठिकाण नाही हे बरेच आहे, कारण तुम्ही काय विचाराल ते मला माहीत आहे: मोजून सांगितलंस का?

एक गोष्ट राहिली. तुम्ही निघाला होतात, हे मी आईला दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा तिने विचारले नव्हते, ते मी माझ्यासाठीच म्हणाले.