अमेरिकन कविता आणि काळं पेन

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा जिना चढू लागला, की अजून नुसताच कुरकुरतो? ‘कशी आहेस?’ असं तुम्ही प्रत्येक पत्रात तुमच्या बहिणीलाच विचारता. तिच्या वतीने कळवतो, की मजेत आहे.

सध्या आम्ही वाचनालयाच्या माळ्यावर समकालीन अमेरिकन कवितेच्या वर्गाला जातो. (हसू नका. निवृत्त माणसाने जावं कुठे?) हौस तिची, सोबत माझी. एका पंथाचे कवी घरची लक्तरं थेट वेशीवर टांगतात. दुसरे अर्थाला दाराबाहेर ताटकळत ठेवतात. तिसरे मंचावर उभे राहून खड्या आवाजात कविता म्हणतात. ते मला पटले. उभी हयात बसस्टँडवर घोषणा करण्यात गेली, दादा. आपण गप्प बसलो तर लोकांची गाडी चुकते! तेव्हापासून शांतता दिसली की भरून काढायची सवयच लागली.

त्यामुळे बाईंनी तिला काही विचारलं, की उत्तर मीच देतो. (ती भिडस्त, काय बोलायचं ते जुळवेपर्यंत वर्ग सुटायचा.) परवा बाई म्हणाल्या, “काका, काकूंना बोलू द्या की!” मी म्हटलं, “तिलाही तेच म्हणायचंय.” वर्ग खो खो हसला. ती हसली नाही. घरी येईपर्यंत मला उगाच चुकल्यासारखं वाटत राहिलं.

आता नवा प्रकार चालू आहे, खोडकविता. दुसऱ्याचा मजकूर घ्यायचा, नको ते शब्द खोडायचे, उरेल ती आपली कविता. मेहनत एकाची, नाव दुसऱ्याचं! गृहपाठासाठी मजकूर शोधत ती घरभर फिरतेय.

तुम्ही तिला महिनाभर राहायला बोलावलंत, पण ती एकटी कशी निघणार? भाजी आणायलासुद्धा माझ्या मागून येते. तेव्हा नाही म्हणूनच समजा.

वहिनींना नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवणार, तोच तिने पत्र आणि काळं पेन मागून घेतलं. शुद्धलेखन तपासत असावी.

ता. क. (माझा) दादा, गृहपाठाला मजकूर मिळाला. यांच्या पत्रावर बारीक रेघा मारल्यात, खालचं वाचता येईल. मी ठेवलंय ते एवढंच:

दादा
मला
बोलायचं
आहे
एकटी
येते

ता. क. (पुन्हा मी) वाचलं. रविवारच्या गाडीत बसवून देतो, उतरवून घ्यायला या. घर खायला उठेल, पण ते माझं मी बघीन. कवितेत एक शब्द सुचवणार होतो, राहू दे. तिला काय बोलायचंय, ते मला खरंच माहीत नाही.