ताईचा परदेशातला काका

धाकट्या,

ताई गेली त्या दिवशी सगळ्यांना कळावं म्हणून तू फोनवर तिचा फोटो टाकलास आणि खाली माहेरचं आडनावही लिहिलंस. त्यात तुझं काही चुकलं नाही. पण भामट्यांनी तेच आडनाव उचललं आणि तिला परदेशात एक करोडपती काका काढून दिला.

काल तू त्या काकाच्या वकिलाची, वारसा मिळणार असल्याची मेल दाखवत "दाजी, नशीब उघडलं!" म्हणून नाचलास, तेव्हा मला हसूच आलं. अरे, आमच्या लग्नाला कोण आलं नाही आणि कोण रुसून गेलं, हे ताईने मला संसारभर ऐकवलं. तिच्या तावडीतून एक अख्खा काका सुटला असता का?

शिवाय हा वकील वारसा देण्याआधी आपल्याकडेच पैसे मागतोय, तेही आजच्या आज आणि गुपचूप. खरा वकील असं करत नाही. उत्तर देऊ नकोस, लिंकला बोट लावू नकोस. ओळखपत्र किंवा खात्याचा नंबर आधीच पाठवला असशील तर सरळ सांग. मी ओरडणार नाही, दुपारी दोघं बँकेत जाऊ.

त्या पैशातून तू मला नवं शिलाई मशीन घेणार होतास, ते ऐकून बरं वाटलं. जुनं चालतंय. मी दुकानात आहे. भाजी करपलीय, वरची वरची खा.

तुमची थोरली आत्या मात्र खरी आहे. तिच्याकडे फोन नाही. ताई गेल्याचं तिला अजून आपण सांगितलेलं नाही.