नोरीनचा हात

लाडक्या आईला दूरच्या लेकीचा गोड पापा.

मी ठणठणीत आहे. आयोवाची थंडी बोचते, पण तू विणलेला स्वेटर आहे. बाबांचा खोकला थांबला का?

चौथीच्या मुलांना देशाची राज्यघटना शिकवली. मग त्यांनी वर्गाचीही घटना लिहिली, खाली सगळ्यांनी सह्या केल्या. मी हरखून गेले होते.

काल त्यांनी पहिली दुरुस्ती मांडली: नोरीनच्या घरी डुकरं पाळतात, तिच्या अंगाला त्यांचा वास येतो, तिने वेगळं बसायचं. रीतसर मतदान झालं. वर झालेल्या हातांत नोरीनचाही हात होता.

"अगं, तू का?"

"सगळ्यांनी ठरवलेलं मानायचं, तुम्हीच म्हणालात ना, बाई?"

बाबांना हे सांगू नकोस. त्यांना वाटतं, मी देश घडवतेय.

तुझीच,
हॅरिएट